मखमलीवरची किल्ली

१

रोपवेचा पाळणा वरच्या थांब्याला टेकला आणि तराजूच्या कानावर पडलेला पहिला शब्द होता, "चोर!"

किल्ल्याचं अंगण ऐन कड्यावर होतं. एका बाजूला वस्तुसंग्रहालयाची दगडी इमारत, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसती दरी. फोटो काढणारी माणसं माना वळवून बघत होती. इमारतीच्या पायऱ्यांवर संग्रहालयाचे संचालक उभे होते आणि खाली, गणवेशाची टोपी हातात धरून, दालनाचा रखवालदार.

"जिथे पोट भरलं तिथेच हात मारलास!" संचालक ओरडले. "चोर!"

क्षणभर सगळं गप्प झालं. मग पलीकडच्या डोंगराने तो शब्द उचलला आणि परत फेकला. चोर. एरवी या कठड्यावर लोक हौसेने आपल्या मुलांची नावं ओरडत आणि दरीकडून ती परत घेत. आज दरीने हे परत दिलं.

रखवालदाराने टोपी छातीशी धरली. तो तराजूचा भावोजी होता.

तराजू हे तिचं घरातलं नाव. लहानपणी पावाचे दोन तुकडे पुढे आले की ती दोन्ही हातांत धरून तोलून बघे आणि मगच एक उचले, म्हणून ताईने ते ठेवलं. पुढे धातूंचा अभ्यास करून ती सरकारी प्रयोगशाळेत लागली तेव्हा भावोजी म्हणाले होते, "घ्या, आता हिला तोलायचा पगार मिळणार." आज ती खात्याच्या हुकमाने आली होती. संग्रहालयांतल्या जुन्या वस्तूंत तांबं किती, जस्त किती, हे यंत्राने तपासायचं होतं. यादीत पहिली होती या किल्ल्याची शान, मुख्य दरवाजाची हातभर लांब, ओतीव पितळी किल्ली.

"प्रयोगशाळेच्या बाई ना?" संचालक पायऱ्या उतरत आले. "या. पण आता तपासणार काय? किल्ली आज सकाळीच गेली. चोर तुमच्यासमोर उभा आहे."

तराजूने भावोजींकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली. बोलू नकोस, असं सांगणारी.

"पोलीस दुपारच्या पाळण्याने येतील, तोवर याला कोंडून ठेवतो. ही असली माणसं, बाई, जन्मभर वाकून नमस्कार करतात आणि एक दिवस रंग दाखवतात. नोकरी तर गेलीच, मागच्या खोल्याही मी आजच रिकाम्या करून घेणार आहे."

त्या मागच्या खोल्यांत तराजूची थोरली बहीण राहत होती.

तराजूचा राग उकळत नसे, गोठत असे. तिने यंत्राची पेटी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि म्हणाली, "दालन दाखवा."

२

दालनात पोचायच्या आधी एक छोटी खोली लागली. दारावर पाटी होती: 'स्पर्शदालन. इथे अवश्य हात लावा.' न दिसणाऱ्यांसाठी तिथे किल्ल्यातल्या नामी वस्तूंच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. आज मात्र दोरी आडवी बांधून वर कागद चिकटवला होता: 'रंग ओला आहे.'

"हे माझं लेकरू," मागून मऊ आवाज आला. संग्रहपाल होते. पन्नाशीचे, स्वच्छ हातांचे, सगळ्यांशी अदबीने बोलणारे. "मूळ वस्तूवर रबराचा साचा घेतो आणि प्लास्टरमध्ये उतरवतो. अंध शाळेची मुलं येतात, हात फिरवतात. मन भरून येतं बघा."

तराजूने सवयीने श्वास ओढला. ओल्या रंगाचा वास मुळीच आला नाही. पण ते तिने तेव्हा मनावर घेतलं नाही.

किल्लीची काचपेटी दालनाच्या मधोमध होती. काच शाबूत, कुलूप शाबूत. आत हिरव्या मखमलीवर किल्लीच्या आकाराचा गडद ठसा तेवढा उरला होता. वर्षानुवर्षं झाकलेली मखमल तशीच राहिली होती आणि भोवतालची विटून गवताच्या रंगाची झाली होती.

"पेटीच्या चाव्या दोनच," संचालक म्हणाले. "एक रखवालदाराच्या कमरेला, एक माझ्या. माझी माझ्याकडून हलत नाही, तसा नियमच आहे. सकाळी दालन उघडलं तेव्हा वस्तू होती, हे त्याने स्वतः सांगितलं. मग हा बाबा जागा सोडून कुठेतरी गेला. कुठे गेला ते सांगत नाही. परत आला आणि म्हणे किल्ली नाही! दुसरा कोण असणार?"

"बाहेर नेली असेल?"

"कशी नेणार? कळल्याबरोबर रोपवेवर झडत्या सुरू केल्या. कठड्यावर सकाळपासून माणसांची रांग आहे, आणि खाली कचरा अडवायला जाळी लावलीय. फेकली असती तर दिसली असती. इथेच कुठेतरी दडवलीय."

"वाईट वाटतं हो," संग्रहपाल म्हणाले. "तुमची चाचणी झाली असती तर किल्लीची शोभा वाढलीच असती."

तराजू दरीकडच्या मोठ्या खिडकीपाशी गेली. उन्हाचा पट्टा थेट पेटीवर पडत होता.

"ही खिडकी बंद ठेवायची असते. उन्हाने कापड विटतं."

"मागच्या उन्हाळ्यापासून मीच उघडली," संचालक छाती काढून म्हणाले. "किल्ली आणि मागे दरी! लोक याच फोटोसाठी येतात."

"मला एकच विचारायचंय," तराजू म्हणाली. "हा रखवालदार इतकी वर्षं या पेटीची चावी कमरेला लावून फिरतोय. हवं त्या दिवशी किल्ली उचलता आली असती. मग नेमकी मी येणार त्याच सकाळी का?"

संचालकांनी खांदे उडवले. संग्रहपालांनी हातरुमाल काढून आधीच कोरडी असलेली बोटं पुसली.

३

किल्ल्यावरचं उपाहारगृह ताई चालवायची. तराजू मागच्या दाराने आत शिरली तेव्हा ताई भांडी घासायच्या मोरीत सळई खुपसून उभी होती आणि तोंडाचा पट्टा सुरू होता.

"आलीस? ये. नवऱ्याला कोंडलाय, घर जातंय, आणि वर ही मोरी तुंबलीय! कुणी मेल्याने आत पांढरा चिखल ओतलाय बघ."

"कधी?"

"सकाळी नाश्त्याची गर्दी होती तेव्हा. मी पुढे, मागे कोण येऊन गेलं ते कळायला मला पाठीला डोळे आहेत का?" ताईने सळईला लागलेला गोळा फरशीवर आपटला. पांढऱ्या चुऱ्यात काही तुकडे एका बाजूने पिवळे रंगवलेले होते. तराजूने त्यातला एक उचलून कागदात गुंडाळला.

"ताई, भावोजी सकाळी कुठे गेले होते?"

"मला सांगतायत होय! विचारलं तर म्हणतात, हवा खायला. इतकी वर्षं या डोंगरावर दुसरं खाल्लंय काय आपण? तू विचार. तुझ्यापुढे त्यांची बोलती बंद होते नाहीतर सुरू तरी होते."

भावोजींना जुन्या पहाऱ्याच्या खोलीत बसवलं होतं. दाराला कडी आणि बाहेर रोपवेचा एक कामगार. त्याने तराजूला बघून दार उघडलं. भावोजी भिंतीला टेकून बसले होते.

"काय तराजूबाई, आलीस तोलायला? चोराचं वजन किती भरतं?"

"विनोद नंतर. कुठे गेला होतात?"

"सांगितलं ना, हवा खायला."

"भावोजी, ते तुम्हाला बेड्या घालतील. ताईचा संसार आज रात्री अंगणात पडेल. आणि तुम्ही मला हवा सांगताय?" तिचा आवाज चढला नाही, पण बाहेरचा कामगार दोन पावलं लांब सरकला.

भावोजींनी बोटांनी टोपीची कड चाचपली. मग म्हणाले, "दार लाव."

तिने लावलं.

"तू आत्ता माझ्यासमोर उभी आहेस ना? मला एक उंच, करडं काहीतरी दिसतंय. आवाजावरून तू आहेस हे कळतं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. सकाळी बुरुजामागे औषधाचे थेंब घालून डोळे मिटून पडलो होतो. हे सांगितलं तर चोरीचा आळ जाईल कदाचित, पण न दिसणारा रखवालदार कोण ठेवील? दोन्हीकडून खोल्या जाणारच. मग चोर तर चोर."

"ताईला माहीत नाही?"

"तिला कळलं तर ती मोरीतली सळई घेऊन येईल."

तराजू त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "मग रोज पेटी पुसताना आत किल्ली आहे हे कसं कळायचं?"

"पिवळी लांब पट्टी दिसायची. पट्टी आहे म्हणजे किल्ली आहे."

तराजू उठली. पिवळी पट्टी! म्हणजे आत काय होतं हे गेल्या कित्येक महिन्यांत या माणसाने पाहिलेलंच नव्हतं.

४

मुख्य दरवाजाजवळ ओतारी होता. पर्यटकांना विकायला तो किल्लीच्या बोटभर पितळी नकला ओतायचा. सकाळी दालनात तोही दिसला होता, असं संचालक म्हणाले होते.

"हो, गेलो होतो," तो भट्टीवरून मान न उचलता म्हणाला. "किल्लीच्या दात्याचं वळण बघायला. नवा साचा करतोय. तेवढ्यावरून फाशी देणार काय?"

"हातभर लांबीची नक्कल कधी केलीत?"

"कुणी सांगितलीच नाही. मीच संग्रहपालांना म्हटलं होतं, त्या स्पर्शदालनात प्लास्टर कशाला, माझ्याकडून पितळेत ओतून घ्या. तर म्हणाले, छे, साच्यातून जे येतं ते हुबेहूब, तुमच्यासारखी मापं वाढवायची भानगड माझ्याकडे नाही." तो हसला. "मापं वाढवली नाहीत तर पितळ थंड होताना अंग चोरतं, हे त्या माणसाच्या गावीच नाही."

त्याच्या मागच्या फळीवर लाकडी नमुने मांडले होते. प्रत्येक नमुना शेजारच्या पितळी किल्लीपेक्षा जरासा मोठा. तराजूने ते पाहिले आणि जवळजवळ धावतच दालनाकडे निघाली.

पेटीपाशी कोणी नव्हतं. तिने खिशातून भिंग काढलं आणि काचेला नाक लावून मखमल बघितली. आधी कडीची, म्हणजे किल्लीच्या गोल मुठीची बाजू. तिथे ठशाची कड स्वच्छ होती, गडद संपलं की फिकट. मग ती दांड्यावरून सरकत दात्यांकडे गेली. आणि तिथे एक तिसरा रंग होता. गडद आणि फिकट यांच्यामध्ये, करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचा, अर्धवट विटलेला पट्टा.

किल्ली धक्क्याने सरकली असती तर कडीची बाजूही तेवढीच सरकली असती. इथे कडीपाशी फरक शून्य, दांड्याच्या मधल्या नक्षीपाशी थोडा, दात्यांपाशी सगळ्यात जास्त. अंतराबरोबर वाढत जाणारा फरक सरकण्याने पडत नाही. तो आकसण्याने पडतो.

आधी या मखमलीवर एक किल्ली होती. मग, खिडकी उघडल्यानंतर केव्हातरी, तिच्या जागी तशीच पण जराशी आखूड दुसरी आली आणि महिनोन् महिने उन्हात राहिली. आज चोरीला गेली ती दुसरी.

बाहेर रोपवेची घंटा वाजली. पोलीस वर पोचले होते.

५

"बाई, तुम्ही धातू तपासायला आलाय की माणसं?" इन्स्पेक्टर सरळ विचारणारे होते. दालनात संचालक, संग्रहपाल आणि दोन शिपायांच्या मध्ये भावोजी उभे होते. ताई न बोलावता आली होती आणि तिला बाहेर काढायची कुणाची छाती झाली नव्हती.

"धातूच. पण आधी एक सांगते. हे माझ्या बहिणीचे यजमान आहेत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा."

संचालकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सकाळी आपण काय काय बोललो ते त्यांना आठवत असावं.

इन्स्पेक्टरांनी भिंगातून मखमल पाहिली. तराजूने त्यांना तिन्ही रंग दाखवले, कडी ते दाते.

"म्हणजे खरी किल्ली आधीच गेली," ते म्हणाले.

"हो. आणि आज खोटी गेली, कारण माझं यंत्र तिला लावलं असतं तर ती आजकालची आहे हे जागच्या जागी कळलं असतं. या रखवालदाराला माझ्या यंत्राची भीती वाटायचं काहीच कारण नव्हतं. भीती खोटी किल्ली ठेवणाऱ्याला होती."

"ओतारी!" संचालक म्हणाले. "पितळेचं काम तोच करतो!"

"ओताऱ्याने केली असती तर ती आखूड झाली नसती. धातू आकसतो हे धरून तो नमुना मोठा करतो, त्याचं पोट त्यावर आहे. ही चूक अशा माणसाची, जो मूळ वस्तूवरून साचा घेतो आणि ज्याचा माल कधी आकसत नाही. प्लास्टर आकसत नाही. त्याने साचा घेतला, लांब कुठेतरी नेऊन पितळेत ओतून घेतला, आणि आलेली वस्तू हुबेहूब असणारच म्हणून मापलीसुद्धा नाही."

सगळ्यांच्या नजरा संग्रहपालांकडे वळल्या. ते हसले. "कल्पना छान आहे. पण वस्तू कुठेय?"

"तुमच्या लेकराकडे," तराजू म्हणाली.

स्पर्शदालनाची दोरी इन्स्पेक्टरांनी स्वतः सोडली. पिवळी किल्ली तिच्या लाकडी चौथऱ्यावर होती. त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं आणि लगेच उचललं.

"गार आहे."

"उचला."

ती त्यांना दोन्ही हातांनी उचलावी लागली. तराजूने खिशातला कागद उलगडून रंगवलेलं प्लास्टर पुढे धरलं. "हिच्या जागची प्लास्टरची किल्ली सकाळी फोडून माझ्या बहिणीच्या मोरीत ओतली. झडत्या सुरू होत्या, कठड्यावर माणसं होती. प्रतिकृतींच्या खोलीत पिवळी किल्ली कुणाला खुपणार? आणि कुणी हात लावू नये म्हणून ती ओल्या रंगाची चिठ्ठी."

भावोजींच्या कमरेच्या चावीने पेटी उघडून इन्स्पेक्टरांनी किल्ली मखमलीवर ठेवली. कडीला कडी बसली. दात्यांच्या टोकापुढे अर्धवट विटलेला पट्टा मोकळा उरला, नखाएवढा.

संग्रहपालांनी त्या पट्ट्याकडे पाहिलं. मग पूर्वीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "कुणाचं काय बिघडलं? खरी वस्तू एका जाणकाराच्या घरी आहे, तिथे तिची कदर होते. इथे लोकांना पिवळं काहीतरी लागतं फोटोत. रोज पुसणाऱ्या रखवालदारालाही फरक कळला नाही."

"नाही कळला," भावोजी म्हणाले. "मला दिसत नाही. तुम्हाला दिसत होतं ना?"

ताईने गर्रकन वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिचा हात त्यांच्या बाहीवर गेला आणि तिथेच राहिला.

"एक राहिलं," इन्स्पेक्टर म्हणाले. "पेटी कशी उघडलीत?"

"साहेबांच्या चावीने. आज सकाळीच घेतली, बाई येण्याआधी पेटी नीट करतो म्हणून. साचा घेतला तेव्हाही त्यांनीच दिली होती. मागितली की देतात."

इन्स्पेक्टरांनी ते वहीत टिपलं.

"तुम्हाला माहीत होतं," तराजू संचालकांना म्हणाली. "आज सकाळी ती चावी कुणाच्या हातात होती ते तुम्हाला माहीत होतं."

"अहो, त्यांच्यावर कोण संशय घेईल? शिकलेला माणूस! आणि चावी दिली म्हटलं असतं तर माझ्यावर चौकशी लागली असती."

"म्हणून यांना बेड्या?"

संचालकांनी कॉलर सैल केली. "झाला गैरसमज. मी दिलगीर आहे, बाई."

"माझी दिलगिरी नको. माझी बदनामी झाली नाही. आणि ऐका. चावी कुणी कुणाला दिली आणि खिडकी कुणी उघडली, हे दोन्ही माझ्या अहवालात येईल. यांच्या डोळ्यांवर उपचार होतात, लोक महिन्याभरात कामावर येतात. तोवर खोल्यांचं नाव काढलंत तर खात्यात मी स्वतः उभी राहीन."

६

संग्रहपालांना घेऊन शिपाई पाळण्याकडे निघाले. अंगणात सकाळचेच लोक होते, कारण झडत्यांसाठी पाळणे अडवून धरल्यामुळे कुणालाच उतरता आलं नव्हतं. संचालक मान खाली घालून भावोजींच्या जवळ आले.

"झालं गेलं," ते पुटपुटले. "चूक झाली माझी. उद्यापासून या."

भावोजी टोपी हातातच धरून उभे होते.

"ऐकू आलं नाही, साहेब."

"चूक झाली म्हटलं."

"डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. सकाळी तुम्ही म्हणालात ते दरीलाही ऐकू गेलं होतं. तेवढ्या आवाजात म्हणा. तिकडे तोंड करून."

संचालकांनी इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. इन्स्पेक्टर समोरचा डोंगर न्याहाळत होते. तराजूकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती. फोटो काढणाऱ्यांनी मोबाइल खाली केले होते आणि वाट बघत होते.

संचालक कठड्यापाशी गेले. "हा माणूस चोर नाही," ते म्हणाले.

दरी गप्प राहिली.

"नाही पोचलं," भावोजी म्हणाले.

संचालकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला, छाती भरून घेतली आणि ओरडले, "हा माणूस चोर नाही!"

पलीकडच्या डोंगराने क्षणभर विचार केल्यासारखा वेळ घेतला. मग शब्द परत आले, दुरून, पण स्पष्ट. चोर नाही.

भावोजींनी टोपी डोक्यावर घातली आणि हाताने चाचपून सरळ केली.

संचालक पाठ फिरवून पायऱ्यांकडे निघाले होते. ताई त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिच्या हातात अजून मोरीतली सळई होती.

"परत," ती म्हणाली.